तेलातली हातकुऱ्हाड

सीताराम वाघमाऱ्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं काढली. तिथला नियम साधा होता. ज्यानं वस्तू बनवली त्यानं ती पास करायची नाही, दुसऱ्यानं करायची. निवृत्तीनंतर माणसं सोसायटीच्या मीटिंगा गाजवतात. वाघमारे जुने दगड गोळा करायला लागले आणि नियम घरी घेऊन आले. नदीकाठच्या खडीत, नव्या इमारतींच्या पायाच्या खड्ड्यांत ते जे उचलत ते ललिताबाई तपासत, आणि बायकोनं उचललेलं ते.

ललिताबाई सातवी शिकलेल्या. पण वाचनालयातली पुस्तकं दोघांनी मिळून इतकी पालथी घातली होती, की आदिमानवानं घडवलेला दगड कुठला आणि नुसताच फुटलेला कुठला, हे त्यांना तांदळातल्या खड्यासारखं दिसे. नवऱ्याचे दहातले नऊ दगड त्या नापास करत. दर वेळी तो माणूस नुसतं "बरं" म्हणे आणि दगड खालच्या कुंड्यांत ठेवून येई. हे "बरं" म्हणणारे नवरे त्यांनी आयुष्यात फार पाहिले नव्हते.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात त्या लेकीच्या, आम्रपालीच्या, बाळंतपणाला बंगळूरला गेल्या. लेक-जावई दोघंही कॉम्प्युटरवाले, पाळण्याशेजारीसुद्धा लॅपटॉप. दोन महिने गेले. तेवढ्यात लोणी काळभोरला नदीकाठच्या खोदकामात वाघमाऱ्यांना हातकुऱ्हाड सापडली. म्हणजे दांडा नसलेली, मुठीत धरायची, पानाच्या आकाराची दगडी कुऱ्हाड, लाखो वर्षांमागची. बायको यायची वाट पाहवली नाही. फोटो काढून त्यांनी तो एका संशोधन संस्थेतल्या सुनीती मॅडमना पाठवला. मॅडमनी कळवलं, रविवारी बघायला येते. खरी निघाली तर संग्रहालयात मांडू, खाली तुमच्या नावाची पाटी लावू.

चौतीस वर्षं ज्याच्या कामावर फक्त शिक्क्याचा नंबर उमटला, त्या माणसाच्या नावाची पाटी. फोनवर त्यांचा आवाज असा होता, की बाळ नक्की कुणाला झालंय असा प्रश्न पडावा.

ललिताबाई शनिवारी सकाळी परतल्या. कुऱ्हाड टीव्हीवर मखमलीच्या तुकड्यावर काळीभोर चकाकत होती. उचलली तर हाताला तेल लागलं. कारखान्यात प्रत्येक सुटा भाग गंजू नये म्हणून तेल लावून ठेवत. त्या सवयीच्या हातानं दगडालाही सोडलं नव्हतं.

"दगड गंजतो का हो?" त्यांनी विचारलं.

"शोभतो," ते म्हणाले.

तेलकट वस्तू तशीच ठेवणं ललिताबाईंना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी गरम पाण्यात सोडा टाकून ती घासली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. दुपारी बघायला गेल्या आणि तिथंच टाकीच्या कठड्यावर बसल्या. दगडाची पाठ तपकिरी होती, जुनी. पण कडेला जिथं जिथं टवके उडून तो पानासारखा आकार आला होता, ती प्रत्येक जागा निळसर काळी, कोरी. खोदकामाच्या मशिनच्या दातांनी महिन्या-दोन महिन्यांपूर्वी फोडलेली. तेलानं सगळं एका रंगाचं करून टाकलं होतं.

तेलाची बाटली स्वयंपाकघरात, हाताशीच होती. पुन्हा एक हात फिरवायचा आणि गप्प बसायचं. पुढचं मॅडम बघून घेतील. ललिताबाईंनी हा विचार जिन्याच्या सोळा पायऱ्या उतरेपर्यंत केला.

वाघमारे उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होते. ललिताबाईंनी कुऱ्हाड खिडकीच्या उजेडात धरली. "अहो, ही नापास आहे."

त्यांनी इस्त्री उभी ठेवली, भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"सगळे टवके ताजे?"

"सगळे."

"बरं," ते म्हणाले, पण ते नेहमीचं नव्हतं. ते फार लांबून आलं. मग राहिलेल्या बाहीला त्यांनी इतकी इस्त्री केली, की कापड पिवळं पडलं.

मॅडमना येऊ नका म्हणून कळवू या, असं ललिताबाईंनी सुचवलं. ते नको म्हणाले. नापास का झाली हेही त्यांना कळायला हवं.

रविवारी त्यांनी धुतलेला दगड स्वतःच पुढे केला. "आपण पाहण्याआधी सांगतो, ही नापास आहे. तेल लावलं ते मी."

सुनीती मॅडमनी दगड फिरवून पाहिला आणि मान डोलावली. फोटोवरून त्यांनाही खरीच वाटली होती, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग दोन तास बसल्या आणि बहुतेक वेळ ललिताबाईंनाच विचारत राहिल्या. जुन्या टवक्याची कड बोटाला कशी लागते, काकू?

त्यांना सोडायला वाघमारे खाली गेले. तळमजल्यावरचे रावसाहेब अशा वेळी नेमके जिन्यातच पेपर वाचत असत. मॅडमची स्कूटर वळायच्या आत त्यांनी विचारलं, "काय हो वाघमारे, पाटी बघायला कधी यायचं मग?"

"कुऱ्हाड नापास झाली."

"अरेरे. मॅडम खडूस निघाल्या म्हणायच्या."

"मॅडम कसल्या. मॅडम फसल्या, मी फसलो. आमच्या हिनं पकडली."

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, की रावसाहेबांनी पेपरची घडी घातली. वर दारात उभ्या ललिताबाईंना सगळं ऐकू येत होतं. वाघमारे आता टवक्यांचा रंग रावसाहेबांना पहिल्यापासून समजावून सांगायला लागले होते. आवाज चढत चालला होता, तो फोनवरचा. त्या आत गेल्या आणि तीन कप चहाचं आधण ठेवलं.