अक्कांच्या फोनचा फिल्टर

एकाच तांब्याच्या तारेतून माझ्या सासूबाईंच्या गप्पा जातात आणि माझी नोकरीही. आवाज खालच्या पट्टीत, इंटरनेट वरच्या पट्टीत. दोघं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक फोनच्या वायरीला फिल्टर लावतात, काडेपेटीएवढी पांढरी डबी. लाइनमननं बसवताना हे सांगितलं, तेव्हा माझे सासरे, अण्णा, त्याला फॅन पुसायला लावत होते. ऐकलं फक्त मी.

ही लाइन कधी पडत नाही, हेच माझं दुर्दैव. ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे. ज्यांच्या घरी नेट चालतं त्यांनी घरूनच काम करायचं, बाकीच्यांनी यायचं. मी जाते म्हटलं की अण्णा विचारतात, "घरात सगळं असताना कशाला ग?" नवरा, सुमंत, मान डोलावतो आणि स्वतः बस पकडतो. मग दिवसभर जयनगरच्या या घरात जेवणाच्या टेबलावर मी, आणि समोर पेपर वाचणारे अण्णा. मी कोणाशी बोलते, कधी उठते, सगळं त्यांना माहीत. माझा जीव गुदमरतो.

सोमवारी मी आतल्या खोलीतल्या फोनचा फिल्टर काढून पर्समध्ये टाकला. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, बहिणीला फोन लावला आणि माझी मीटिंग बंद पडली. मॅनेजर म्हणाली, "पुन्हा असं झालं तर ऑफिसला यायला लाग." मी मनातल्या मनात डबासुद्धा भरला.

पण अण्णांनी गुन्हेगार शोधला होता. "तू फोन उचलतेस तेव्हाच लाइन पडते," ते अक्कांना म्हणाले. "परत पडली तर हा फोन भंगारात."

"सरी," अक्का कानडीत म्हणाल्या, म्हणजे बरं. एवढंच.

त्यांची बहीण वसुमतीमावशी के. आर. पुरमला अंथरुणाला खिळलेली. मोबाइलवर तिला नीट ऐकू येत नाही. मंगळवारी अक्का फोन न लावता त्याच्याशेजारी नुसत्या बसून राहिल्या, बुधवारीही. गुरुवारी अण्णा आंघोळीला गेले तेव्हा त्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "आश्लेषा, तुझी मीटिंग संपली की सांग हं. वसुमतीशी स्वल्प बोलते. ती वाट बघत असेल ग."

मीटिंग चालू होती. "आत्ताच बोला," एवढं म्हटलं असतं की मी सुटले असते. शब्द ओठांवर आलेही होते. आणि त्या दोन दिवसांत त्यांनी पदरानं पुसून पुसून तो फोन किती लख्ख केला होता, ते मला आठवलं.

"थांबा, अक्का," मी म्हटलं. पर्स घेऊन आत गेले आणि फिल्टर जागेवर लावला. "बोला आता. कितीही वेळ बोला."

परत टेबलाशी येऊन बसले. मोडेमचा हिरवा दिवा जराही हलला नाही. आतून अक्कांचा आवाज आला, तीन दिवसांनी मोकळा.

"आमच्या आश्लेषाचं बरं आहे बघ, वसू," त्या सांगत होत्या. "तिला कुठं जावंच लागत नाही."