सोनेरी तबकडी

आईने, सिद्धम्माने, जोडलेले हात वीरेशने पाहुण्यांच्या देखत खाली ओढले.

"अव्वा, आज तरी नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. "सोयरीक जुळायची हाय अजून."

टीव्हीवर काळोखातून एक सोनेरी तबकडी उगवत होती. ती गरगर फिरली, तिच्यातून किरण फाकले, घंटेसारखा नाद झाला आणि खाली जपानी अक्षरे उमटली. जपानातील गाण्यांच्या एका कंपनीचे ते चिन्ह होते. वीरेशचे दिवंगत वडील, लिंगैक्य चन्नबसप्पा, उदगिरात व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देत असत. जुन्या मालात आलेल्या एका जपानी कॅसेटीवरच त्यांनी पुढे मुलाचे बारसे भरून घेतले. आरंभीचे चिन्ह तेवढे पुसावयाचे राहिले.

आज चाकूरहून वीरेशला सांगून आलेली अक्षरा व तिची माणसे घर पाहावयास आली होती. मुलाचे बालपण पाहण्याची इच्छा त्यांनीच प्रकट केली, म्हणून वीरेशने पेनड्राइव्हवर उतरवलेले ते बारसे लावले होते.

"विहीणबाई," अक्षराचे मामा म्हणाले, "ह्यो जपानी देव नवसाला पावतो का?"

"पावला की. तुमच्यासारखे पाहुणे धाडलेत."

हशा पिकला. वीरेश मात्र हसला नाही. त्याने रिमोटने चित्र भराभर पुढे पळवले. पाळणा आला, पाळण्याभोवतीच्या बायका आल्या.

"मागं घे," सिद्धम्मा म्हणाली.

"अव्वा, कंपनीचा शिक्का हाय त्यो. किती डाव सांगू?"

"आता ठाऊक हाय. तवा नव्हतं."

तिने पदर सावरला आणि ती पाहुण्यांकडे वळली.

"मी नवी नवरी होते. आपल्या शिनेमाला आधी देवाचा फोटू यायचा, म्हणून हे बघून बी हात जोडले. दुकानातले समदे गडी हसले. ह्याचे अप्पा बी हसले. म्हणाले, येडे, हात खाली घे. न्हाई घेतले."

"मग आता तरी घे की."

"त्या दिशी घेतले असते, तर जलमभर खालीच राहिले असते. मागं घे."

वीरेश जागचा हलला नाही. तोवर मान खाली घालून बसलेली अक्षरा तेवढ्यात उठली. तिने त्याच्या हातून रिमोट घेतला व चित्र मागे नेले. बायका गेल्या, पाळणा गेला, तबकडीही मावळली; पडद्यावर निव्वळ काळोख उरला. तेथे तिने ते थांबवले.

"अगं पोरी, काय करायलीस?" मामा म्हणाले. त्यांच्या हातात चिवड्याची बशी होती.

"मामा, बशी खाली ठेवा," अक्षरा म्हणाली. "दोन्ही हात लागतील."