उचललेलं सागवान

निर्मलाबाईंचा कान भलता तिखट. नागपूरकडल्या गोरेगावच्या बाजारात दोन दुकानं पलीकडे कुणाचं लग्न जमतंय, हे त्यांना वांगी निवडता निवडता कळायचं. तेव्हा मधल्या खोलीतला सुनेचा फोन त्यांना ऐकू आला यात आपला काही दोष नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

"मामाजींच्या दाराचं सागवान उचललं," चेतना कुणाला तरी सांगत होती. "कडा कापल्या, गाठी काढून टाकल्या. जोड आता शोधूनही सापडत नाही. आजच पाठवून देते."

निर्मलाबाईंचा हात सुपातच थांबला. मामाजी म्हणजे दवनीवाड्याचा दुलीचंद, त्यांचा एकुलता एक भाऊ. नवं घर बांधल्यापासून तो आल्यागेल्याला आधी सागाचं दार दाखवी, मग पाणी विचारी. चेतना नुकतीच तिकडे जाऊन आली होती, तीही एकटी. येताना तिची पिशवी फुगलेली होती, हे निर्मलाबाईंना आता आठवलं. तीत मामीनं दिलेला भोपळा होता, हे मात्र आठवलं नाही.

सून घरी बसून नागपूरच्या एका आर्किटेक्टचं काम करते, न बांधलेल्या घरांची चित्रं कॉम्प्युटरवर काढते, एवढंच त्यांना ठाऊक. चित्राला लाकूड कशाला लागतं? जंगलाशेजारच्या माणसाला सागवानाचा चोरटा धंदा काही सांगावा लागत नाही. आणि भावाच्या घरी आपली सून चोर ठरली, तर माहेर म्हणून उरलेलं ते एकच घर कायमचं तुटणार होतं. त्या विचारानं त्यांचं जेवण गेलं.

मग त्यांनी पाळत ठेवली. एकदा चेतना अंगणातली फरशी ओली करून तिच्यावरचं ऊन निरखताना दिसली, एकदा जेवायच्या पाटावरच्या रेषांवरून बोट फिरवताना. कावीळ झालेल्याला सगळं पिवळंच. शेवटी न राहवून त्यांनी भावाला फोन केला आणि घरातलं लाकूड एकदा बघून घ्यायला सांगितलं. दुलीचंदनं बघून कळवलं, की दार जागेवर आहे, पण मागच्या पडवीतली सागाची फळी गायब आहे.

सकाळी तो मोटरसायकलवर हजर झाला. निर्मलाबाईंनी त्याच्यादेखतच सुनेला विचारलं, "फळी कुठी नेली वो? खरं सांग."

चेतनाला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तिनं दोघांनाही स्क्रीनपुढे बसवलं. कुठल्याशा बंगल्याची खोली होती आणि तिच्या भिंतभर दुलीचंदच्या दाराचं लाकूड पसरलं होतं. तिनं शांतपणे समजावलं. दाराचा फोटो काढायचा, कडा कापून तो शेजारी शेजारी असा जोडायचा की जोड दिसू नये. गाठ ठेवली तर तीच ती गाठ भिंतभर उमटते आणि लबाडी उघडी पडते, म्हणून ती पुसायची. त्यांच्या धंद्यात यालाच लाकूड उचलणं म्हणतात.

आपलं दार बंगल्यात गेलेलं पाहून दुलीचंद हरखला. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, की फळी त्यानंच सुताराला दिली होती, देवळाच्या उंबरठ्यासाठी. बहिणीनं साप साप म्हणून भुई धोपटली, असं म्हणत तो हसला. निर्मलाबाईही हसल्या, जरा जास्तच मोठ्यानं. चेतना चहा ठेवायला उठली.

ती भांडली नाही. नवऱ्याला, हेमेंद्रला, तिनं काही सांगितल्याचंही दिसलं नाही. पण फोन आला की ती आता मधल्या खोलीचं दार लोटून घेई, आणि आत आपल्याबद्दलच बोलणं चाललंय असं निर्मलाबाईंना वाटत राही. दाराला कान लावायची मात्र आता सोय नव्हती.

एका दुपारी त्या फोडणी देत असताना चेतना मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली. पूर्वी ती सरळ आत यायची.

"आई, ओट्यामागच्या टाइलचा फोटो पाहिजे होता. काढू काय?"

"काढ ना. घर तुयंच आहे. विचारून कायले राहिली?"

"विचारलेलं बरं."

ती आत आली. तेलाचा डबा टाइलच्या आड येत होता. तिचा हात तिकडे गेला आणि मध्येच मागे आला.

"तेवढा डबा तुम्हीच उचला," ती म्हणाली.