न भिजलेली साल

डॉक्टरांनी थोरल्याला जिन्यातच बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. थोरल्याने घरी येऊन आईला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांना ताकास तूर लागू द्यायची नाही. कळलं तर हाय खातील."

तिने मान हलवली आणि डोळे पुसून बाहेर आली.

म्हातारा शिंपी. सारा जन्म कात्री चालवण्यात गेला, म्हणून घरच्या मार्मलेडसाठी संत्र्याच्या साली चिरायचं काम दर वर्षी त्याचं. दोऱ्यासारख्या बारीक, एक जाड नाही की एक वाकडी नाही. पुढचं सगळं तिचं, आणि ती भलतीच धिमी. साली आणि बियांची पुरचुंडी रात्रभर पाण्यात. मग बोटाने दाबली की साल चुरेपर्यंत मंद आच. साखर त्यानंतरच, कारण साखर पडली की साल असेल तेवढीच मऊ राहते, पुढे शिजायचं नाव घेत नाही. "तुझ्या मार्मलेडची वाट बघून माझी दाढी पिकली," तो चिडवायचा.

"तोंडाला चव नाही," त्या सकाळी तो अंथरुणावरून म्हणाला. "आपलं मार्मलेड कर की. आण सुरी."

उशीला टेकून त्याने साली चिरल्या. मध्येमध्ये दम खात होता, तरी पट्ट्या सरळ उतरल्या. अर्ध्यावरच सुरी हातात तशीच राहिली आणि त्याला झोप लागली. घशात घरघर सुरू झाली. ती ऐकत उभी राहिली. मग चिरलेल्या साली उचलल्या, भिजवल्या नाहीत, थेट मोठ्या आचेवर चढवल्या. साल बोटाखाली अजून ताठ होती, तरी साखर ओतून मोकळी झाली.

संध्याकाळी बरणीत रंग मात्र सोन्यासारखा उतरला.

त्याने पावाचा घास घेतला. बराच वेळ चावत राहिला. मग तोंडातून एक पट्टी काढून चिमटीत धरली, कापड पारखावं तशी.

"भिजवलं नाहीस."

"भिजवलं की!"

"अगं, न भिजवलेलं कापड मला हात लावताच कळतं. हे कळणार नाही होय? माझ्या बापाला ताटकळत ठेवलंस, पण साल भिजल्याशिवाय गॅस पेटवला नाहीस कधी. यंदा एवढी घाई कसली?"

ती बरणीचं झाकण उगाच पुसत राहिली.

"डॉक्टरांनी इतके थोडे दिवस सांगितलेत?"

तिच्या हातून झाकण सुटलं. खणकन आवाज झाला. ते उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"थोरल्याला ठाऊक आहे?"

"हो."

"मग मला कळलंय हे त्याला सांगू नकोस. पोरगं हाय खाईल." त्याने खोलीभर नजर फिरवली. "राहिलेली संत्री आण. चिरून देतो. या खेपेला नीट भिजव."

"अहो, पण उद्या…"

"उद्या मी नसलो तर तुम्ही खा. तू भिजत घाल."

तिने फळं आणि सुरी त्याच्यापुढे ठेवली. चिमटीतली पट्टी त्याने पुन्हा तोंडात टाकली. ताठ साल गिळवेना, आणि तिच्यादेखत थुंकवेना. तो चावत राहिला.