खड्ड्याची उघडी बाजू

महामायाबाईंनी पदरावरूनच पिवळं हेल्मेट चढवलं, तेव्हा फाटकावरच्या वॉचमनला हसू आवरेना. हेल्मेट अंबाड्यावर बसत नव्हतं. शेवटी अंबाडा थोडा मागे सरला, हेल्मेट थोडं पुढे आलं, असा तह झाला आणि गव्हाणखेडच्या सरपंच महामार्गाच्या कॅम्पात शिरल्या.

"हे कायले पाह्यजे रे बापा?"

"वरून काई पडलं तं, बाई."

त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं, आणि तेही कोरडं.

ओळीनं उभ्या टिप्परांची चाकं त्यांच्या खांद्याएवढी होती. त्यांच्यामधून वाट काढत त्या एका लोखंडी डब्याच्या ऑफिसपाशी पोचल्या. आतून प्रसेनजित धावतच बाहेर आला. त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. पाचवीपासून बारावीपर्यंत मेहकरच्या शाळेत जायचा तो आत्याच्याच घरून, आणि आता या कंपनीत कोणतं काम कुठून, कधी आणि किती खर्चात करायचं हे ठरवणारा इंजिनियर होता.

"जय भीम, आत्या! फोन कराचा ना. गाडी धाडली असती."

"जय भीम. पायानं आली म्हणून का झिजली मी?"

त्यानं त्यांना आपल्या गुबगुबीत खुर्चीत बसवलं, गार पाण्याची बाटली फोडून दिली. बाईंनी दोन घोट घेतले आणि उरलेल्या पाण्याकडे पाहत राहिल्या. गावात सकाळी याच पाण्यासाठी दोन जावांची झिंज्या धरून भांडणं झाली होती.

झालं होतं ते असं. गव्हाणखेडचं तळं गाळानं इतकं उथळ झालं होतं, की म्हशी बसायला म्हणून यायच्या आणि पाठ भिजत नाही म्हणून लाजून परत जायच्या. तेवढ्यात महामार्ग आला. भरावाला मुरूम हवा होता. कंपनी म्हणाली, तळं आम्ही फुकट खोल करून देतो, निघेल ते आमचं. हा निरोप घेऊन आला तो प्रसेनजितच, त्यामुळे ग्रामसभेत कोणी तोंडातून ब्र काढला नाही. पोकलेन आले. पहिल्यांदा काळा गाळ निघाला, मग मुरूम. दोन पुरुष खोल गेल्यावर मशीनवाले थांबायला लागले, तर गावचे थट्टेखोर पंजाबराव धोतराचा सोगा खोचून पोकलेनपुढे उभे राहिले. "थांबता कायले? शेषाची शेपटी दिसेस्तोर चालू द्या!" फुकटचं खोदकाम म्हटल्यावर गावाला कोण आनंद. पोकलेनवाल्यांना रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून भरीत-भाकर जायची.

बाईंच्या मनात तेव्हा एकदा चुकचुकलं होतं. त्यांनी भाच्याला विचारलंही होतं, लई खोल तं नाही होऊन राह्यलं? तो म्हणाला होता, आत्या, जेवढं खोल तेवढं पाणी. तेच वाक्य बाईंनी सभेत जसंच्या तसं सांगितलं.

गणपतीत तळं काठोकाठ भरलं. हिवरा आश्रमाच्या यात्रेलाही एवढी मोबाइल घेतलेली माणसं जमत नसतील, तेवढी तळ्याच्या पाळीवर जमली. कुठून कुठून बदकं आली. एका बदकानं तर म्हणे पंजाबरावांना ओळखही दिली. आणि मग पाणी उतरायला लागलं. दसऱ्याला गुडघाभर राहिलं, दिवाळीला तळ उघडा पडला. मासे वाळून खापरासारखे झाले. तळ्याच्या आधारावर जगणारी गावची विहीर आटली. खालून कोणीतरी नळी लावून पिऊन राह्यलं, असं पंजाबराव हसत हसत म्हणाले, पण हसले ते एकटेच.

कालच्या सभेत ठरलं, गावातून जाणारे टिप्पर अडवायचे. कोणीतरी मागून ओरडलं, सरपंचबाईच्या भाच्यानं गावाचा गळा कापला. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "त्याले मी माह्या हातानं वाढवलं. चूक केली असन त्यानं. दगा नाही करणार. मले एक दिवस द्या." गावानं एक दिवस दिला; उद्या पुन्हा सभा, आणि तोवर उत्तर नाही आलं तर टिप्पर अडवायचे. बनाबाईनं मात्र, जिनं बाईंना निवडणुकीत उभं केलं होतं तिनं, उठून जाताना त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"आता मले खरं सांग," महामायाबाई म्हणाल्या. "काय झालं?"

प्रसेनजितनं बाटलीतलं थोडं पाणी टेबलावर सांडलं आणि ओल्या बोटानं तीन रेघा ओढल्या.

"हे पाय. वरतं काळी माती. हे बादलीचं बूड समज. खाली मुरूम. अन् त्याच्या खाली भेगाचा दगड. आपण बूड बी काढलं अन् मुरूम बी काढला. पाणी भेगांतून निघून गेलं."

"कुठं गेलं?"

"गेलं कुठंतरी. जमिनीत."

"तुले हे मालूम नव्हतं?"

त्यानं मान वर करून थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "जमिनीच्या पोटातलं कोणाले दिसते, आत्या? चुकलो मी. गावाले तोंड दाखवाची हिंमत नव्हती, म्हणून आलो नाही."

बाईंनी श्वास सोडला. काल सभेपासून छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी उचलल्यासारखं झालं. चूक. त्या म्हणाल्याच होत्या.

"मंग आता?"

"टँकर. रोजचे दोन. पावसाळ्यापर्यंत. एक पैसा घेणार नाही." तो पुढे सरकला, आणि त्याचा चेहरा गणित सुटलं की व्हायचा तसा झाला. "कंपनीले दयामाया नसते. मी त्याईले हिशेब दाखवला. एक दिवस रस्ता अडला, तं शेकड्यानं माणसं अन् मशिनी बसून खाणार. त्याच्यापरीस वर्सभर टँकर स्वस्त पडते. लगेच पटलं."

"बापा!"

"एवढ्या मोठ्या कामात, आत्या, मुरूम महाग नसते, गोटा महाग नसते, पाणी बी नाही. महाग असते ते दूर. जे जवळ भेटते ते स्वस्त. जवळचं शोधाचं, नाही भेटलं तं जवळ आणाचं. सारं इंजिनियरिंग एवढंच."

"एवढ्यासाठी तुले चार वर्सं कॉलेजात ठेवलं काय बे?"

तो मोठ्यानं हसला. बाईही हसल्या. पुष्कळ दिवसांनी.

"उद्या सभेत तेवढं सांग," तो म्हणाला. "कंपनीनं मनापासून केलं म्हणून. मी सांगतलं तं दगड मारतीन. तुह्यं ऐकते गाव."

"सांगीन ना. काऊन नाही सांगणार?" त्यांनी उठून त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडायला गेल्या. बोटं हेल्मेटवर टकटकली.

पहिला टँकर आत्ताच न्यायचा, आणि त्यातच बसून गावात जायचं, हे बाईंचं स्वतःचं. रिकाम्या हातानं येते म्हणणाऱ्यांच्या तोंडावर टँकर उभा करायचा होता. ड्रायव्हर आसिफ देऊळघाटचा, विशीतला, तोंडात सुपारी. त्यानं बाईंना केबिनमध्ये चढायला हात दिला आणि गाडी काँक्रीटच्या प्लांटमागे घेतली.

"आता कुठं?"

"भराची ना मावशी. रिकामीच नेता का?"

प्लांटच्या मागे खड्डा होता. खड्डा कसला, गव्हाणखेडची अर्धी आळी त्यात बसली असती. आणि तो भरलेला होता. निळं, निवांत पाणी. मोटर लावली होती, एका टँकरमध्ये पाणी पडत होतं, दुसरा मागे वाट पाहत होता. कडेला बदकं बसली होती.

"अगं माय," बाई म्हणाल्या. "एवढं पाणी!"

"बरकत हाय, मावशी. साहेबाच्या हाताले." आसिफनं पिंक टाकली. "अगोदर आमी पाणी कुठून कुठून आणत होतो. दिवसभर चालवा, तीन खेपा. डिझेलच डिझेल. रस्त्याले पाणी बी लई लागते ना, भराव दाबाले, काँक्रीटले. मंग साहेबानं हा खड्डा मारला."

"कोण्या साहेबानं?"

"आपल्याच! तुमच्या भाच्यानं. अहो, लोक हासत होते. भर उन्हाळा, खड्डा कोरडा ठक्क. प्लांटवाले म्हणे, याच्यात काय क्रिकेट खेळाचं? साहेब म्हणे, थांबा. तिकडचं काम होऊ द्या, पाऊस होऊ द्या. भरन, अन् भरलेलाच राहीन. खुदा कसम, तसंच झालं."

बाई केबिनमधून उतरल्या. "तिकडचं काम म्हणजे?"

"तुमच्या तळ्याचं. मशिनी इथून सुटल्या अन् सीध्या तुमच्या गावाले गेल्या."

त्या कडेपर्यंत गेल्या. आसिफ मागून सांगत होता, पडसान मावशी, सांभाळून. खड्ड्याच्या बाजू काळ्याभोर मातीनं लिंपल्या होत्या, चुलीला पोतेरं फिरवावं तशा गुळगुळीत. त्या खाली वाकल्या. मातीत पांढऱ्या गोगलगाईंचे इवलेसे शंख रुतलेले होते. तळ्यावर धुणं धुताना तेच तळपायाला टोचायचे. लग्न होऊन आल्यापासून टोचत आले होते.

"हा लेप कायचा रे?"

"तुमचाच गाळ हाय ना. पहिला सगळा इकडंच आणला. लई चिकट माती, थेंब जाऊ देत नाही."

खड्ड्याच्या तीन बाजू लिंपलेल्या होत्या. चौथी तशीच सोडलेली होती, उघडा तपकिरी दगड, त्यात उभ्या-आडव्या भेगा. भेगांमधून पाण्याच्या धारा येत होत्या. बोटाएवढ्या, कुठे करंगळीएवढ्या. बाईंनी त्या बाजूवरून नजर वर नेली. वर खडकाळ टेकाड होतं, टेकाडातून नाला उतरत होता, आणि नाल्याच्या वरच्या टोकाला गव्हाणखेडच्या तळ्याच्या पाळीवरच्या बाभळी दिसत होत्या.

"ते एक बाजू राह्यली काय लिंपाची?"

"नाही नाही. ते मुद्दाम सोडली. साहेब सोता उभे होते इथं. म्हणे, इकडं एक ढेकूळ लागलं तं याद राखजा."

बाईंनी नखानं एक शंख उकरला. तो दोन बोटांत धरला, तर भुकटी झाला. पाण्यात डुबकी मारून एक बदक वर आलं आणि अंग झटकून पुन्हा निवांत बसलं. मोटर धडधडत होती. टेबलावरच्या त्या तीन ओल्या रेघा आता वाळल्या असतील, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं.

गाडी भरली. केबिनमध्ये बसल्यावर त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. ते कॅम्पाचं होतं, परत द्यायचं राहिलं, हे आसिफनं गाडी फाटकाबाहेर काढल्यावर लक्षात आलं.

"गाडी लागते का, मावशी? चेहरा उतरला तुमचा."

"हाव. लागते."

टँकर गावात शिरला तसं पोरांनी त्याला धावतच वेशीपासून आत आणलं. मारुतीच्या पारापुढे हंडे, घागरी, कॅन, रंगाचे रिकामे डबे यांची रांग वळसे घेऊन उभी होती, आणि रांगेच्या तोंडाशी बनाबाई. तिनं बाईंकडे पाहिलं, आणि या खेपेला मान वळवली नाही. पुढे येऊन तिनं नुसताच त्यांचा दंड धरला.

पंजाबराव नारळ घेऊन आले. टँकरच्या बंपरवर फोडायला.

"बाई, जीभ घसरली होती आमची. कान धरतो. भाचा सोनं हाय तुमचा! रक्त रक्त असते शेवटी."

"सोनंच हाय," मागून दुसरा कोणी म्हणाला. "बाई म्हणतच होत्या, दगा नाही करणार."

पाइप सुटला. पहिल्या हंड्यात पाणी पडल्याचा आवाज झाला आणि सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. बाई पायरीवरच उभ्या होत्या. खाली उतरून त्यांनी हात जोडले असते, तर तेवढ्यावर सगळं जागच्या जागी बसलं असतं. पाणी आलं होतं, गाव परत बोलायला लागलं होतं, उद्याचा रस्ता मोकळा होता. त्यांचा शब्दही खरा ठरला होता.

कमरेचा फोन वाजला. पडद्यावर प्रसेनजितचं नाव होतं. त्यांनी तो वाजू दिला.

"हंडे भरून घ्या पहिले," त्या म्हणाल्या. "सगळ्याईनं. कोणी राहू नका." मग पंजाबरावांकडे वळल्या. "नारळ फोडू नका."

"काऊन?"

"उद्या रस्ता अडवाचं ठरलं होतं ना?"

"आता कायले अडवाचा? पाणी आलं ना!"

"उद्यापर्यंत थांबू नका. आत्ता चला, नाल्यानं खाली. मले तुमाले एक खड्डा दाखवाचा हाय."

पंजाबरावांनी नारळ खाली घेतला. बनाबाईचा हात अजून बाईंच्या दंडावरच होता, तो घट्ट झाला. आसिफ खिडकीतून मान बाहेर काढून एकदा बाईंकडे, एकदा पाइपकडे पाहत राहिला.

फोन पुन्हा वाजायला लागला. बाईंनी तो पंजाबरावांच्या हातात दिला.

"तुमीच बोला. त्याले म्हणा, चहा ठेव. गाव येऊन राह्यलं."