जितेपणीचा फोटो

ह्यांच्या बोटांना फोटो धुण्याच्या औषधाचा आंबट वास असे. वैशाखातल्या रणरणत्या दुपारी आधी तो वास घरात यायचा, मागून हे यायचे आणि माझा जीव भांड्यात पडायचा. सोलापूरच्या भर पेठेत आमचा स्टुडिओ होता. पण पडद्यापुढे श्वास रोखून बसणारी ताठ माणसं ह्यांना नकोशी झाली होती. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत कॅमेऱ्याची पेटी छातीशी धरून, वरून तिच्या काचेत डोकावत, देवापुढे मान लवावी तसे हे गल्लीबोळांत उभे राहू लागले. मला ते मुळीच रुचत नव्हतं. नसती उठाठेव, दुसरं काय!

माझी भीती खरी ठरली. विणकरांच्या गल्लीत फोटोवाल्याला बोलावत ते माणूस गेल्यावरच. मृताला भिंतीशी टेकवून, हार घालून, एकुलता एक फोटो. उन्हात वाळणाऱ्या रंगीत सुताचे ताणे टिपायला हे तिथं गेले, तेव्हा तापानं अंथरुणाला खिळलेल्या एका विणकराची बायको, नरसव्वा, उंबऱ्यावर येऊन कडाडली, "कुणी बोलिवलं तुमाला? आमचा मानूस जित्ता हाय की!" गल्ली जमली. हे पेटी मिटून परतले.

त्यानंतर मला चैन पडेना. त्या माणसाचं बरंवाईट झालं असतं, तर खापर ह्यांच्याच माथी फुटणार होतं. आणि हे तर रोज संध्याकाळी, मिलचा भोंगा झाला की, रिकाम्या हातांनी त्याच उंबऱ्यावर विचारपूस करायला जात.

"अहो, कशाला विस्तवाशी खेळता?"

"आधी माणूस ओळखीचा होऊ दे, मग फोटो," एवढंच ते म्हणत. पुढे जन्मभर तीच त्यांची रीत झाली.

एके दिवशी ऊन कलताना गल्लीतला एकजण दारात आला. "नरसव्वाकडनं बोलावनं हाय. पेटी घिऊन या म्हनली." अधिक काही विचारायच्या आत तो वळलाही. त्या गल्लीतून पेटीला बोलावणं, म्हणजे आणखी कशासाठी? हे पेटी उचलून निघाले, आणि मी कपाळाशी हात धरून रस्त्याकडे पाहत राहिले. उन्हातली प्रत्येक लांबट सावली मला वाईट बातमी वाटत होती.

तिकडे विणकर खाटेवर उठून बसला होता. "जित्तेपनी काढा की एकदा!" म्हणाला होता. त्याचा फोटो काढून हे त्या आनंदात मागच्या बोळातून परतले आणि माझ्या नकळत त्यांनी मला तसंच, पाठमोरं टिपलं.

हे जाऊन आता कैक वर्षं लोटली. भिंतीवरच्या त्या फोटोत मी अजून तशीच उभी आहे, रस्त्याला डोळे लावून. ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते तेव्हा माझ्या मागेच, हाकेच्या अंतरावर होते. आता कितीही वळून पाहिलं, तरी तिथं नुसतं कलतं ऊन असतं.