शून्य टिंब पाच

मित्रांनो, मी एक जुना शाईचा पेन आहे. बारीक निबचा. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही.

कारखान्यातून निघालो तो एका दुकानाच्या काचेच्या कपाटात येऊन पडलो. गिऱ्हाइकं यायची, जाड निबचे पेन घेऊन जायची आणि माझा जीव नुसता वर-खाली व्हायचा. मग एका दुपारी रुग्णालयातल्या सिस्टर ड्यूटी संपवून थेट दुकानात आल्या. त्यांच्या डाव्या हाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत निळी झाली होती.

"बारीक निबचे असतील तेवढे दाखवा."

"ताई, डावखुऱ्यांनी शाईच्या नादी लागू नये. बॉलपेन घ्या," दुकानदार म्हणाले.

"आमच्या नोंदी शाईनेच लागतात हो. काल मी औषधाचा आकडा लिहिला, शून्य टिंब पाच. वरून माझाच हात फिरला. शून्य आणि टिंब फासलं गेलं, उरला नुसता पाच! पुढच्या पाळीच्या सिस्टरांनी तेवढं औषध भरलंसुद्धा होतं. पेशंट आजोबांना सुई टोचणार, इतक्यात त्या सिस्टरांनाच शंका आली, म्हणून वाचलो."

दुकानदारांनी काचेचं कपाट उघडलं. त्यांनी सात पेन पुढे मांडले. सिस्टर प्रत्येकाने आकडे लिहायच्या आणि लगेच वरून हात फिरवायच्या. काहींची शाई फासली. एकाची नाही फासली, पण तो कागदात रुतला. डावा हात निब ओढत नाही, पुढे ढकलतो ना! माझी पाळी शेवटची. माझं टोक बारीक, पण गोलसर घासलेलं. रेघ सरळ गेली. हात फिरला. डाग नाही.

"हाच," सिस्टर म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

मग कसली उसंत! पाव तास खिशात राहिलो तर नशीब. ताप, नाडी, औषध, पुन्हा ताप. "सिस्टर, तुमचे आकडे अगदी छापल्यासारखे," असं डॉक्टर म्हणायचे तेव्हा मी खिशात फुगायचो.

त्याच डॉक्टरांनी एकदा "मिनिटभर द्या" म्हणून मला नेलं आणि दाबून सही ठोकली. माझं निब फाकलं. सिस्टरांनी पुढचं पान लिहिलं तर तळवा निळा! त्या तिथेच थांबल्या. अख्खं पान पुन्हा लिहिलं, तेही सहकारिणीकडून पडताळून घेतलं. संध्याकाळी मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानंतर उसना मागणाऱ्यांसाठी खिशात दुसरा पेन आला.

पुढे संगणक आले. सिस्टर निवृत्त झाल्या. मी शाई पोटात घेऊनच खणात गेलो. ती सुकली, घसा बसला. खण उघडल्याचा आवाज झाला की दचकायचो. कुणी कात्री घ्यायचं, कुणी टाचण्या.

दोन-तीन महिन्यांपूर्वी सिस्टरांचं डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, रोज पानभर लिहा. त्यांनी मला बाहेर काढलं. एक अक्षर उमटेना.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "धुऊन ठेवायला हवं होतं तुला."

दोन दिवस मी कोमट पाण्यात होतो. मित्रांनो, वापरणं थांबवाल तेव्हा आम्हाला धुऊन, कोरडं करून ठेवा. एका हाताला सरावलेलं निब दुसऱ्याला देऊ नका. आता आमची ओळ वाकडी जाते. त्यांचा हात थरथरतो, मीही मध्येच अडतो. पण काल पानाच्या तळापर्यंत पोहोचलो.